आमवाताची खूण रक्तात कधी उमटते?

आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणजे आमवात नाही, आणि पॉझिटिव्ह आला म्हणजे आमवात आहेच, ही दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी मी पॅथॉलॉजी लॅब चालवते आणि ही दोन वाक्यं मला सतत खोडून काढावी लागतात. 'मॅडम, वाताचं रक्त तपासायला सांगितलंय,' असं म्हणत माणसं चिठ्ठी पुढे करतात. चिठ्ठीवर बहुतेक वेळा तीच नावं: ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर, युरिक ॲसिड, एएसओ. संध्याकाळी रिपोर्ट न्यायला आले की पहिला प्रश्न, 'चांगला आलाय न्हवं?' रक्त तपासलं की सगळं कळतं, अशी लोकांची श्रद्धा आहे. माझा चरितार्थच या तपासण्यांवर चालतो, त्यामुळे मी हे जबाबदारीने सांगते: आमवाताबद्दल रक्त पुष्कळ काही सांगतं, पण सगळं सांगत नाही. त्याच्याकडून आणखी काही वदवून घेता येईल का, हा शोध पावणेदोनशे वर्षं चालू आहे आणि तो अजून संपलेला नाही.

आधी आजाराविषयी. वय झालं की गुडघे झिजतात आणि दुखतात, ते दुखणं वेगळं. आमवातात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजतं, जाड होतं आणि शेजारची कूर्चा आणि हाड कुरतडू लागतं. सुरुवात बहुधा हातापायांच्या लहान सांध्यांपासून होते: बोटांची मुळं, मधली पेरं, मनगटं, पायाचे चवडे, आणि बहुधा दोन्ही बाजूंना. सकाळी उठल्यावर अंग आखडलेलं असतं आणि मोकळं व्हायला तास, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हा आजार दोन-तीन पट जास्त आढळतो. पुण्याचे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात घरोघर जाऊन सांध्यांच्या दुखण्यांची पाहणी केली. चार हजारांहून जास्त प्रौढांच्या त्या पाहणीत आमवाताचं प्रमाण साधारण 0.5 टक्के निघालं, म्हणजे दोनशे प्रौढांमागे एक. मोठ्या गावात असे दहा-वीस जण सहज असतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आपल्याला नेमकं काय झालंय हे ठाऊक नसतं.

रक्त घेताना आम्ही दंडाला पट्टा बांधतो आणि सांगतो, 'मूठ घट्ट आवळा.' एका पावसाळ्यात शेजारच्या वाडीतून आलेल्या ताईंची मूठ आवळलीच जाईना. बोटं तळव्याच्या अलीकडेच थांबली. तर्जनी आणि मधल्या बोटाची मुळं इतकी फुगली होती की त्यांच्या मधली खळगी दिसत नव्हती. मी हलकेच दाबलं तर त्यांनी हात मागे ओढला. म्हणाल्या, 'सकाळची धार काढाय बसलं की म्हस पान्हावती, पर बोटंच वळत न्हाईत. आता सून काढती.' कधीपासून? 'पाडव्यापासनं.' त्याआधी त्यांचं रक्त एकदा दुसरीकडे तपासून झालं होतं. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून 'वात नाही' असं त्यांना सांगितलं गेलं होतं आणि दुखणं थांबवायच्या गोळ्यांवर दोन महिने निघून गेले होते. आमच्याकडेही आरए फॅक्टर निगेटिव्हच आला. ईएसआर मात्र बराच चढलेला होता. मी रिपोर्टखाली दोन ओळी लिहिल्या: दोन्ही हातांचे लहान सांधे सुजलेले, मूठ वळत नाही, अँटी-सीसीपी करून पाहावं. ती तपासणी झाली आणि ठळक पॉझिटिव्ह आली. दोन चाचण्या, एकाच दंडातलं रक्त, आणि उत्तरं उलट. असं का होतं, ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

रक्तातून सांध्याचं दुखणं ओळखण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न लंडनच्या आल्फ्रेड गॅरॉड या डॉक्टरांनी केला. गाउटच्या, म्हणजे वातरक्ताच्या रुग्णांच्या रक्तात युरिक ॲसिड वाढलेलं असतं, हे त्यांनी 1848 मध्ये दाखवून दिलं. पुढे त्यांनी जी चाचणी बसवली ती कुठल्याही यंत्राशिवाय होत असे. पसरट काचेच्या बशीत रुग्णाचं सिरम घ्यायचं, त्यात थोडं ॲसेटिक ॲसिड टाकायचं, तागाच्या कापडाचे एक-दोन धागे त्यात बुडवायचे आणि बशी दीड-दोन दिवस तशीच ठेवायची. सिरम आळत जातं आणि युरिक ॲसिड जास्त असेल तर धाग्यावर त्याचे स्फटिक धरतात. ज्यांचे सांधे सुजलेले आहेत पण धागा कोरा राहतो, त्यांचा आजार वेगळा, हे या चाचणीने डोळ्यांना दिसू लागलं. 1859 मध्ये याच गॅरॉड यांनी गाउटवरच्या आपल्या ग्रंथात त्या वेगळ्या आजारासाठी 'ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस' हे नाव सुचवलं. म्हणजे आमवाताला आधुनिक वैद्यकातलं नाव मिळालं तेव्हा रक्तातली त्याची खूण हाती नव्हतीच. दुसऱ्याची खूण त्याच्यात नाही, एवढंच ठाऊक होतं. स्वतःची खूण सापडायला आणखी ऐंशी वर्षं गेली.

नॉर्वेतले एरिक वालर वेगळ्याच कामात होते. त्या काळात जंतुसंसर्गाच्या तपासणीसाठी मेंढीच्या तांबड्या पेशींवर सशाच्या अँटीबॉडी बसवून त्या वापरत. एका आमवाताच्या रुग्णाचं सिरम त्यात घातलं तर त्या पेशींचे गोळे झाले. व्हायला नको होतं ते झालं होतं. आपलं काहीतरी चुकलं असेल म्हणून वालर यांनी ते सोडून दिलं नाही. आमवाताच्या इतर रुग्णांचं रक्त घेऊन ते पुन्हा करून पाहिलं आणि 1940 मध्ये प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी नॉर्वे जर्मनीच्या ताब्यात गेला. महायुद्धाच्या धामधुमीत तो निबंध कुणाच्या फारसा लक्षात राहिला नाही. 1948 मध्ये न्यूयॉर्कला हॅरी रोझ, चार्ल्स रॅगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हीच गोष्ट स्वतंत्रपणे सापडली. म्हणून त्या चाचणीला वालर-रोझ चाचणी म्हणतात. सिरममधल्या ज्या घटकामुळे हे घडत होतं त्याला पुढे ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर हे नाव मिळालं. तोच आपला आरए फॅक्टर. ती एक विलक्षण अँटीबॉडी आहे: बाहेरच्या जंतूला धरण्याऐवजी ती आपल्याच दुसऱ्या अँटीबॉडींच्या शेपटीला चिकटते.

मेंढीचं ताजं रक्त रोज कुठून आणायचं? 1956 मध्ये सिंगर आणि प्लॉट्झ या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी मेंढीच्या पेशींच्या जागी लॅटेक्सचे सूक्ष्म कण वापरले आणि चाचणी जगभरच्या लहान लॅबमध्ये पोचली. आमच्याकडे ती आजही होते. वर्तुळं आखलेली काळी पट्टी, एका वर्तुळात सिरमचा थेंब, त्यावर लॅटेक्सचा थेंब. काडीने मिसळायचं आणि पट्टी हातात धरून दोन मिनिटं सावकाश डोलवत राहायची. निगेटिव्ह असेल तर द्रव एकसारखा दुधाळ राहतो, पॉझिटिव्ह असेल तर कण कण दिसू लागतात. शेजारच्या वर्तुळांत ज्यांचं उत्तर आधीच ठाऊक आहे असे दोन थेंब लावलेले असतात, एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह. त्यांच्याशी ताडून मगच मत द्यायचं. घड्याळाकडे लक्ष नसेल तर घात होतो. दोन मिनिटांच्या पुढे कडा सुकायला लागतात आणि नसलेले कण दिसू लागतात. रुग्ण भरपेट जेवून आलेला असेल आणि सिरम चरबीने गढूळ असेल तरीही फसगत होते. कण दिसले की सिरम निम्मं, मग त्याच्या निम्मं असं पातळ करत जाऊन किती पातळ केल्यावर ते नाहीसे होतात तेही पाहायचं. मोठ्या लॅबमध्ये हे आता यंत्रं मोजून आकड्यात सांगतात. पण यंत्र कितीही चांगलं असलं, तरी जी खूण ते मोजतंय तिचीच मर्यादा त्याला ओलांडता येत नाही.

ती मर्यादा अशी. आमवाताच्या साधारण 70 टक्के रुग्णांत आरए फॅक्टर सापडतो, तिसेक टक्क्यांत सापडत नाही. उलट बाजूला, तो हिपॅटायटिस सी, क्षयरोग, कुष्ठरोग, हृदयाच्या झडपांचा जंतुसंसर्ग अशा कितीतरी आजारांत सापडतो. धडधाकट माणसांतही पाचेक टक्क्यांत सापडतो आणि वयाबरोबर हे प्रमाण वाढतं. एक हिशेब करून पाहू. कसलीही तक्रार नसलेल्या आणि असलेल्या, अशा सरसकट हजार प्रौढांचं रक्त घेतलं. भिगवणच्या प्रमाणाने त्यात आमवाताचे पाच जण असतील. त्यातले तीन-चार पॉझिटिव्ह येतील. आमवात नसलेल्या उरलेल्या 995 लोकांतले पाच टक्के, म्हणजे पन्नासेक जण, तेही पॉझिटिव्ह येतील. चौपन्न पॉझिटिव्ह रिपोर्ट, त्यात खरे रुग्ण जेमतेम चार. बाकी पन्नास माणसं उगाच झोप उडवून घेणार. आता हेच रक्त फक्त अशा लोकांचं घ्या ज्यांचे हाताचे सांधे महिनाभर सुजलेले आहेत. तिथे आमवाताचे रुग्ण पुष्कळ असतात, त्यामुळे पॉझिटिव्ह रिपोर्टला वजन येतं. चाचणी तीच, पट्टी तीच, लॅटेक्सही तेच. रिपोर्टचा अर्थ कुणाचं रक्त आहे यावर ठरतो. म्हणूनच 'संपूर्ण आरोग्य तपासणी'च्या पॅकेजात आरए फॅक्टर कोंबण्याला माझा विरोध आहे. त्यातून लॅबला चार पैसे मिळतात, आणि माणसाच्या पदरी विनाकारण धास्ती पडते.

ईएसआर आणि सीआरपी यांचं तर आमवाताशी थेट नातंच नाही. शरीरात कुठेही दाह असला की ते वाढतात. लांबून धूर दिसावा तसं ते आहे. काहीतरी जळतंय एवढं कळतं, काय जळतंय ते कळत नाही. आजार किती भडकलाय, औषधाने उतरतोय का, हे पाहायला मात्र ते फार उपयोगी पडतात.

आता त्या ताईंना जिने पकडलं त्या चाचणीकडे येते. तिची हकिगत मला सगळ्यात आवडते, कारण तिच्यात तीन पिढ्यांचं काम एकाला एक जोडलं गेलंय. 1964 मध्ये नेदरलँड्सच्या नीनहाउस आणि मांडेमा यांना आढळलं की माणसाच्या गालाच्या आतल्या पेशी काचेवर पसरून त्यावर आमवाताच्या रुग्णाचं सिरम घातलं तर त्यातल्या अँटीबॉडी पेशीच्या केंद्रकाभोवतालच्या कणांना चिकटतात. खूण पक्की होती, इतर आजारांत ती क्वचितच दिसे. पण प्रत्येकाच्या गालाच्या पेशी या कामाला चालत नसत, योग्य दाता शोधावा लागे; त्यामुळे ती चाचणी थोड्या संशोधकांपुरतीच राहिली. 1979 मध्ये ब्रिटनमध्ये उंदराच्या अन्ननलिकेच्या अस्तरावर अशाच अँटीबॉडी चिकटताना दिसल्या. या दोन वेगळ्या खुणा आहेत असं बरीच वर्षं मानलं गेलं. मग 1990 नंतर फ्रान्समधल्या तुलूजच्या संशोधकांनी दाखवलं की दोन्ही ठिकाणी अँटीबॉडीचं लक्ष्य फिलाग्रिन नावाच्या प्रथिनाशी संबंधित आहे. आणि 1998 मध्ये नेदरलँड्सच्या नायमेखेन इथल्या व्हॅन व्हेनरॉय यांच्या गटाने नेमकी जागा शोधली: या अँटीबॉडी प्रथिनातल्या सिट्रुलिनला धरतात.

सिट्रुलिन हे अमिनो आम्ल आहे, पण प्रथिनं बांधण्यासाठी आपल्या जनुकांमध्ये ज्या वीस अमिनो आम्लांच्या सूचना असतात, त्यांत ते नाही. प्रथिन तयार झाल्यावर एक विकर त्यातल्या आर्जिनिनवर काम करतं आणि त्याचं सिट्रुलिन करतं. बदल अगदी लहान असतो, पण त्या जागेवरचा विद्युतभार जातो आणि प्रथिनाची घडी सैल होते. हे निरोगी शरीरातही घडतं. दाह असेल तिथे जास्त घडतं. काही माणसांची प्रतिकारशक्ती या बदललेल्या प्रथिनांना परकं समजते आणि त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवते. सिट्रुलिन कलिंगडातही असतं, म्हणून एका रुग्णाने मला कलिंगड सोडू का असं विचारलं होतं. सोडू नका, त्या सिट्रुलिनचा याच्याशी काही संबंध नाही.

नायमेखेनच्या लोकांनी सिट्रुलिन असलेला प्रथिनाचा छोटा तुकडा कृत्रिमरीत्या बनवला आणि त्याची दोन टोकं जोडून त्याला वर्तुळाकार दिला, म्हणजे सिट्रुलिन ठळकपणे बाहेर येतं. हाच तो सीसीपी, आणि त्याच्याविरुद्धची अँटीबॉडी ती अँटी-सीसीपी. 2000 च्या सुमारास त्याची चाचणी आली, दोनेक वर्षांत तिची सुधारलेली दुसरी आवृत्ती आली. एमडी करत असताना मी ही चाचणी स्वतः हाताने लावली आहे. छोट्या छोट्या 96 खळग्यांची प्लॅस्टिकची पट्टी असते, प्रत्येक खळग्याच्या तळाला सीसीपी चिकटवलेला. त्यात सिरम पातळ करून घालायचं, थांबायचं, धुवायचं; मग विकर जोडलेली दुसरी अँटीबॉडी, पुन्हा थांबायचं, पुन्हा धुवायचं; शेवटी रंगद्रव्य. जिथे अँटीबॉडी चिकटली असेल तो खळगा निळा होत जातो आणि आम्लाचा थेंब पडला की पिवळा. धुण्यात हयगय झाली तर सगळीच पट्टी पिवळी होते आणि सकाळपासूनची मेहनत वाया जाते. आमच्या लॅबमधून हा नमुना आता बर्फाच्या डब्यातून शहरात जातो आणि तिथे यंत्र तो मोजतं. चाचणी आरए फॅक्टरपेक्षा काही पट महाग आहे.

महाग आहे, पण तिचं मोल आहे. 2007 मध्ये जपानमधल्या संशोधकांनी जगभरचे अभ्यास एकत्र करून दोन्ही चाचण्या ताडून पाहिल्या. रुग्ण पकडण्यात दोघी सारख्याच: अँटी-सीसीपी 67 टक्के, आरए फॅक्टर 69 टक्के. पण ज्यांना आमवात नाही त्यांना 'नाही' म्हणण्यात फरक मोठा: आरए फॅक्टर 85 टक्के, अँटी-सीसीपी 95 टक्के. म्हणजे अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आली तर तिच्यावर जास्त विश्वास ठेवता येतो. निगेटिव्ह आली तर मात्र तीही हात झटकू देत नाही. क्षयरोगाच्या काही रुग्णांतही ती पॉझिटिव्ह येते आणि आपल्या देशात हे विसरून चालत नाही.

खरा धक्का यानंतर बसला. स्वीडनमधल्या उमेओ इथे रक्ताचे जुने नमुने गोठवून ठेवलेले आहेत. ॲमस्टरडॅमच्या रक्तपेढीतही रक्तदात्यांचे नमुने जपून ठेवले जात. ज्यांना पुढे आमवात झाला, त्यांनी निरोगी असताना दिलेलं रक्त बाहेर काढून तपासलं तर? उमेओच्या गटाने ते 2003 मध्ये केलं, ॲमस्टरडॅमच्या गटाने 2004 मध्ये. ॲमस्टरडॅमला पुढे आमवात झालेले 79 रक्तदाते सापडले. त्यातल्या जवळजवळ निम्म्यांच्या रक्तात पहिला सांधा दुखण्याआधीच आरए फॅक्टर किंवा अँटी-सीसीपी यांपैकी काहीतरी होतं. मध्यम अंतर साडेचार वर्षांचं, काहींमध्ये तर तेरा वर्षांहूनही जास्त. म्हणजे आजार सांध्यात दिसतो तेव्हा त्याची सुरुवात केव्हाच होऊन गेलेली असते.

मग ती होते कुठे? स्वीडनच्याच लार्स क्लारेस्कोग यांच्या गटाने 2006 मध्ये धूम्रपानाकडे बोट दाखवलं. धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसांत सिट्रुलिन असलेली प्रथिनं सापडली. ज्यांच्याकडे एका विशिष्ट प्रकारच्या जनुकाच्या दोन्ही प्रती होत्या आणि जे धूम्रपान करत होते, त्यांना अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आमवाताचा धोका, दोन्ही नसलेल्यांच्या तुलनेत, 21 पट निघाला. हिरड्यांच्या आजारातला एक जंतू स्वतःच्या विकराने सिट्रुलिन तयार करू शकतो, म्हणून तोंडाकडेही संशयाने पाहिलं जातं. सांध्याचा आजार कदाचित छातीत किंवा हिरडीत सुरू होत असेल, हे मला आजही थक्क करतं. घरात कुणाला आमवात असेल तर विडी-सिगारेट सोडण्याचं हे आणखी एक कारण समजा.

आजार आधी कळला, तर तो थांबवता येईल का? ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये 213 जणांवर हे करून पाहिलं गेलं. त्याचे निष्कर्ष 2024 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. या सगळ्यांच्या रक्तात अँटीबॉडी होत्या, सांधे दुखत होते, पण सूज नव्हती. काहींना वर्षभर ॲबाटासेप्ट हे इंजेक्शन दिलं, काहींना औषध नसलेलं तसंच इंजेक्शन. वर्षअखेरीस औषध मिळालेल्या 110 पैकी 7 जणांचा आजार सांध्यांत उतरला, औषध न मिळालेल्या 103 पैकी 30 जणांचा. औषध थांबवल्यावर आणखी वर्षभराने आकडे 27 आणि 38 झाले. आजार पुढे ढकलला गेला, पण कायमचा अडला नाही. शिवाय अँटीबॉडी असलेल्या प्रत्येकाला आमवात होतोच असंही नाही. ज्याला कदाचित कधीच आजार होणार नाही अशा माणसाला महागडं, प्रतिकारशक्ती दाबणारं औषध द्यायचं का? सध्याच्या खुणांच्या बळावर तरी सरसकट देऊ नये, असं माझं मत आहे. त्यासाठी कोण नक्की आजारी पडणार हे सांगणारी आणखी धारदार खूण हवी.

तिच्या शोधातला एक अभ्यास मला फार जवळचा वाटतो. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या डॅना ऑरेंज आणि रॉबर्ट डार्नेल यांनी आमवाताच्या रुग्णांना घरच्या घरी बोट टोचून रक्ताचे थेंब पाठवायला सांगितलं. एका रुग्णाने हे चार वर्षं नेटाने केलं. त्या एकाच माणसाचे 364 नमुने जमले. दुखणं कधी उसळलं याची नोंदही सोबत होती. नमुन्यांतल्या आरएनएचा अभ्यास केल्यावर दिसलं की दुखणं उसळण्याच्या दोनेक आठवडे आधी बी पेशी वाढतात, आणि त्यानंतर, उसळीच्या साधारण आठवडाभर आधी, रक्तात सहसा न दिसणाऱ्या वेगळ्याच पेशी अवतरतात. त्यांना त्यांनी प्राइम पेशी म्हटलं. दुखणं उसळलं की त्या रक्तातून कमी होतात. त्या सांध्यात शिरत असाव्यात असा अंदाज आहे. 2020 मध्ये हे प्रसिद्ध झालं. आणखी तीन रुग्णांत तसंच दिसलं, तरी संख्या लहान आहे. पण एका रुग्णाच्या चिकाटीमुळे केवढं दार किलकिलं झालं!

नव्या खुणा दरवर्षी जाहीर होतात. 2011 मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या गटाने कार्बमाइलेटेड प्रथिनांविरुद्धच्या अँटीबॉडी शोधल्या. अँटी-सीसीपी निगेटिव्ह असलेल्या काही रुग्णांत त्या सापडतात. कॅनडातून 14-3-3 ईटा नावाचं प्रथिन पुढे आलं. मायक्रो-आरएनएवर काम चालू आहे. पण यातलं फार थोडं माझ्या लॅबपर्यंत पोचतं, आणि त्याचं एक कारण मला स्पष्ट दिसतं. नवी खूण बहुतेक वेळा पक्क्या आमवाताचे रुग्ण आणि ठणठणीत स्वयंसेवक यांच्यावर पारखली जाते. त्या दोघांत फरक करायला रक्त लागतच नाही, हात पाहिले तरी पुरतं. डॉक्टरांची अडचण वेगळीच असते: आमवात, सोरायसिसचा वात, ल्यूपस, नुकताच झालेला चिकुनगुनिया, यांतलं नेमकं काय? 2006 मध्ये महाराष्ट्रात चिकुनगुनियाची मोठी साथ आली, तेव्हा दोन्ही हात सुजलेली, सकाळी आखडणारी माणसं महिनोन्महिने दवाखान्यांत येत होती. हुबेहूब आमवातच वाटावा. अशा माणसांत सहसा अँटी-सीसीपी निगेटिव्ह असते आणि बहुतेकांचं दुखणं हळूहळू ओसरतं. नव्या खुणेची परीक्षा अशा गर्दीत व्हायला हवी. तिथे ती टिकली तरच ती आमच्या उपयोगाची.

तोपर्यंत निदान कसं करायचं? 2010 मध्ये अमेरिका आणि युरोपच्या ऱ्हुमॅटॉलॉजी संघटनांनी मिळून गुण देण्याची एक पद्धत ठरवली. ती मूळची संशोधनासाठी असली तरी डॉक्टर तिचा आधार घेतात. निदान एका सांध्याला खरी सूज हवी आणि तिचं दुसरं कारण दिसायला नको. मग दहापैकी सहा गुण झाले की आमवात धरायचा. किती आणि कोणते सांधे याला जास्तीत जास्त पाच गुण. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी मिळून जास्तीत जास्त तीन. ईएसआर-सीआरपीला एक. सहा आठवडे किंवा जास्त काळ दुखणं असेल तर एक. बेरीज करून पाहा. रक्ताच्या सगळ्या चाचण्या कमाल पॉझिटिव्ह आल्या तरी चारच गुण होतात. आणि रक्त पूर्ण निगेटिव्ह असूनही, सांध्यांचे पाच आणि कालावधीचा एक, असे सहा गुण भरू शकतात. जगभरच्या तज्ज्ञांनी रक्ताला निम्म्याहून कमी वजन दिलंय, हे प्रत्येक रुग्णाला माहीत असायला हवं.

आणि वेळेला फार महत्त्व आहे. पहिल्या तीन महिन्यांत तज्ज्ञाकडे पोचलेल्यांच्या सांध्यांची हानी कमी होते, असं लायडनच्या रुग्णांच्या अभ्यासात दिसलं आहे. मेथोट्रेक्सेट हे मुख्य औषध जुनं आणि स्वस्त आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं; चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. ते चालू असताना ठरावीक काळाने रक्तपेशी आणि यकृताची तपासणी करावी लागते. वाडीच्या त्या ताई आता त्यासाठीच येतात. त्यांची मूठ पूर्ण आवळते, पण उजव्या मनगटात थोडा ताठरपणा कायमचा राहिला आहे.

म्हणून वाचकांना माझं सांगणं आहे. सकाळी तासभर बोटं आखडत असतील, हातापायांच्या लहान सांध्यांना डोळ्यांना दिसेल अशी सूज असेल आणि ती काही आठवडे उतरत नसेल, तर रक्ताचा रिपोर्ट काहीही आलेला असो, ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला हात दाखवा. ते मोठ्या शहरातच भेटतात, एक दिवस मोडेल, तरी जा. सांधे सुजलेले असताना मोबाइलवर त्यांचा फोटो काढून ठेवा, जुने रिपोर्ट फाइलला लावून न्या. काहीच दुखत नसताना पॅकेजमध्ये आरए पॉझिटिव्ह आला असेल तर घाबरून औषध सुरू करू नका, एकदा डॉक्टरांना विचारा. आणि आमच्याकडे रक्त द्यायला याल तेव्हा कुठले सांधे, किती दिवसांपासून, हे आम्हाला जरूर सांगा. त्या माहितीशिवाय आमच्या रिपोर्टला अर्थ राहत नाही.